माउसला हात न लावणाऱ्या भाऊंना

भाऊ, सप्रेम नमस्कार.

हे तोंडावर बोलायला गेले असते तर तुम्ही "राहू द्या ना ताई" म्हणत गाडीला किक मारली असती. म्हणून लिहून कळवते आहे, आणि चारचौघांत लिहिते आहे. आपल्या अमळनेरात लग्नाचे व्हिडिओ आणि अल्बम करणारा माणूस म्हणून तुम्हाला सगळे ओळखतात. ऐन लगनसराईत, रात्री एक-दीडला मांडवातून परतल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला एका टायपिंगवालीच्या घरी येऊन तुम्ही बसत होतात, हे मात्र कुणाला माहीत नाही. ते माहीत व्हावं.

आषाढात एका संध्याकाळी लाईट तीनदा गेली आणि तीनदा आली. तिसऱ्यांदा माझा संगणक उठलाच नाही. मदरबोर्ड जळाला होता. १९९९ साली मी विंडोज ९८ वर बसले, पुढे एक्सपी, मग सात, मग दहा. प्रतिज्ञापत्रं, प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका असं सव्वीस वर्षं माझं पोट त्या पडद्यावर चाललं. लेकीने पुण्याहून तिचा मॅकबुक एअर, म्हणजे ॲपल कंपनीचा लॅपटॉप, पाठवून दिला. तिने प्रेमाने दिला, मी प्रेमाने घेतला, आणि पहिल्याच दिवशी मला माझ्याच कामात परकं वाटायला लागलं.

मदत करणारे कमी नव्हते. फोनवर लेक म्हणायची, "आई, मॅक खूप सोपं आहे गं." गल्लीतल्या एका मुलाने माझ्या हातातून माउस घेतला, पाच ठिकाणी क्लिक केलं, "झालं काकू" म्हणाला आणि गेला. काम झालं होतं हे खरं. पण काय झालं, कुठून झालं, ते त्याच्याबरोबरच गेलं. आणखी एकाने सल्ला दिला की आता विंडोज विसरा. सव्वीस वर्षं विसरायची म्हणजे काय करायचं, हे त्याने सांगितलं नाही.

तुम्ही एका पत्रिकेचा मजकूर न्यायला आला होतात. मी एन्टर दाबून फाईल उघडायला बघत होते आणि ती उघडायच्या ऐवजी तिचं नाव निळं होत होतं. घाईत आणखी एक बटण दाबलं गेलं आणि आईच्या गाण्याच्या, मॅकवर घेतलेल्या "आखाजी १२" या फाईलचं नाव नुसतं "k" झालं. मला वाटलं, गेलं आईचं गाणं. तुम्ही मागे उभे होतात. दोन्ही हात पाठीशी बांधलेले. म्हणालात, "काई व्हत नही, ताई. विंडोजमध्ये चुकलं तर काय दाबता?" मी म्हटलं, कंट्रोल झेड. "मग आठे स्पेसबारच्या शेजारचं कमांड धरा, आणि तोच झेड." नाव परत आलं. मग सांगितलंत की इथे एन्टर म्हणजे नाव बदलणं. उघडायचं असेल तर कमांड आणि ओ, नाहीतर कमांड आणि खालचा बाण.

त्या दिवसापासून शेवटपर्यंत तुम्ही माझ्या माउसला बोट लावलं नाही. मी पंधरा-पंधरा मिनिटं चाचपडत बसायचे, तुम्हाला स्टुडिओत काम पडलेलं असायचं, तरी तुमचे हात पाठीशीच. आणि प्रत्येक वेळी पहिला प्रश्न तोच: "विंडोजमध्ये हे कसं करत होता?" भाऊ, माझं आभाराचं सगळं बोलणं या एका प्रश्नासाठी आहे. मला काही येत नाही असं धरून तुम्ही सुरुवात केली नाहीत. मला येतं, हे धरून केलीत.

तुम्ही दिलेला अहिराणीचा दाखला तर मी आता सगळ्यांना सांगते. आपण घरी अहिराणी बोलणारी माणसं. पहिलीत गुरुजी म्हणाले, "आता कथा ऐका," तेव्हा आम्ही बोरीकाठची पोरं एकमेकांकडे बघत राहिलो, कारण आमच्या घरात "कथा" म्हणजे "कुठे". "कथा चालना?" म्हणजे कुठे निघालास. शब्द दोन्हीकडे तोच, अर्थ वेगळा. तुम्ही म्हणालात, "कंट्रोलचं तसंच से, ताई. बटण आठे बी से, पन काम येगळं करस." तेव्हा डोक्यात लख्ख पडलं. मी कंट्रोल सी दाबत होते आणि काहीच कॉपी होत नव्हतं, ते का, ते कळलं. भाषा बदलायला मी सवयीने विंडोजच्या बटणासारखं कमांड धरून स्पेस दाबायचे आणि मधोमध शोधायची पट्टी उघडायची. ती पट्टी म्हणजे स्पॉटलाइट. भाषा बदलायला कंट्रोल आणि स्पेस. म्हणजे मी चूक बोलत नव्हते. मी अहिराणीतला शब्द मराठीत वापरत होते.

कमांडच्या बटणावरची चार कानांची खूण मला रांगोळीतल्या गाठीसारखी दिसली. तुम्ही सांगितलंत की १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशसाठी चित्रं काढणाऱ्या सुसान केअर या बाईंनी ती एका चिन्हांच्या पुस्तकातून निवडली. मेनूत जागोजागी कंपनीचं सफरचंद नको, असं स्टीव्ह जॉब्ज म्हणाले होते, म्हणून दुसरी खूण शोधावी लागली. स्वीडनकडे रस्त्याच्या पाटीवर ही खूण बघण्यासारखी जागा दाखवते. एका बाईच्या हाताने निवडलेली खूण आहे हे कळल्यावर ते बटण मला जवळचं वाटायला लागलं. शिवाय ते अंगठ्याखाली येतं. सव्वीस वर्षं कंट्रोल दाबून माझी डावी करंगळी दुखते, तिला आता जरा आराम आहे.

तुम्ही मला एक दोनशे पानी वही आणायला लावलीत. डाव्या बाजूला विंडोज, उजव्या बाजूला मॅक, आणि लिहायचं मीच. ती वही आता भरत आली आहे. लाल टिकली दाबली की खिडकी जाते पण प्रोग्रॅम जात नाही, खालच्या चिन्हांच्या पट्टीत, म्हणजे डॉकमध्ये, त्याच्याखाली ठिपका राहतो, पुरतं बंद करायला कमांड क्यू. डिलीटचं बटण मागचं अक्षर खोडतं, पुढचं खोडायला एफएन धरायचं. अडकून बसलेला प्रोग्रॅम काढायला कमांड, ऑप्शन आणि एस्केप. मेनू खिडकीच्या डोक्यावर नाही, पडद्याच्या डोक्यावर. फाईल कट करण्यावर मी तुमच्याशी भांडले होते, आठवतं? फाईलवर "कट" नाहीच म्हणजे काय! तुम्ही म्हणालात, कॉपी करा आणि ठेवताना कमांडबरोबर ऑप्शन धरून व्ही दाबा, फाईल जुन्या जागेवरून हलते. आता मला ही रीत जास्त पटते. हलवायचं की नक्कल ठेवायची, हे उचलताना ठरवावं लागत नाही, ठेवताना ठरवता येतं. स्क्रोलची उलटी दिशा मात्र मला अजून पटलेली नाही. आठ दिवस वापरून बघा म्हणालात, मी दहा दिवस वापरली आणि सेटिंगमध्ये जाऊन बदलली. बदलण्याची जागा माझी मीच शोधली, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

आता हार्ड डिस्कचं. हे लिहिताना अजूनही हात थांबतो.

२०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या गावात ९७ वं साहित्य संमेलन झालं. १९५२ नंतर पहिल्यांदा. मांडवात बसल्याबसल्या मी ठरवलं की आईची गाणी उतरवून काढायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर म्हणतात ती, गौराईची, कानबाईची, जात्यावरची. आई ऐंशी पार केलेली. ती म्हणते आणि मी टाइप करते. तीनशेच्या वर झाली होती, आणि सगळी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क मॅकला जोडली तर गाणी दिसत होती, पण एक अक्षर बदललेलं साठवून घेत नव्हती. एका ठिकाणी दाखवली तर तिथला माणूस म्हणाला, डिस्क खराब झाली, फॉरमॅट मारून देतो. मी हो म्हणणारच होते. तुम्हाला सहज फोन केला म्हणून वाचले. तुम्ही हातातलं शूटिंग दुसऱ्याकडे देऊन आलात. डिस्क धडधाकट आहे, ती विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने बांधलेली आहे, मॅक ती वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही, एवढंच. आधी सगळं मॅकवर उतरवून घ्या, उघडून बघा, मगच पुढचं बोलू, असं म्हणालात. तुमच्या स्टुडिओतली एक रिकामी डिस्क आणलीत, ती एक्सफॅट नावाच्या पद्धतीने बांधायला लावलीत, म्हणजे दोन्हीकडे चालेल. जुनी डिस्क मी तशीच, न पुसता, कपाटात ठेवली आहे.

त्यातच मावशीची अकरा गाणी निघाली. मावशी २००७ साली गेली. त्याच्या आदल्या वर्षी मी ती टाइप केली होती, तेव्हाच्या जुन्या मराठी फाँटमध्ये. मॅकवर उघडल्यावर एकही मराठी अक्षर नाही, नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं यांची खिचडी. मी रडले होते, तुम्ही बघितलंत. तुम्ही शांतपणे सांगितलंत की गाणी गेलेली नाहीत. त्या काळचे फाँट इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवायचे. फाँट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घेतली की झालं. स्टुडिओतल्या विंडोजच्या मशीनवर तुम्ही ती बदलून आणलीत. रफार भलतीकडे गेले होते, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसली होती, जोडाक्षरं फुटली होती. मी एकेक ओळ आईला वाचून दाखवली आणि जिथे अडलं तिथे आईने म्हणून दाखवलं. बहिणीचं गाणं म्हणता म्हणता ती मधेच थांबायची, आणि मी पण टाइप करायची थांबायचे. तीन दुपारी लागल्या. अकराच्या अकरा परत मिळाली.

टायपिंगची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. टाइपरायटर सोडून इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मराठी मांडणी शिकताना एकदा बोटं मोडून पुन्हा बसवली होती, तेच आता या वयात परत करायचं? तुम्ही कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडायला लावलीत, त्यात देवनागरी निवडलं, आणि के वर क, जे वर र, डी वर हलंत! तीच मांडणी, १९९१ च्या भारतीय मानकातली. दोन कंपन्यांच्या दोन मशीन, पण माझ्या भाषेची बटणं दोन्हीकडे जागच्या जागी. इथे अहिराणी-मराठीचा घोळ नाही, इथे एकच बोली आहे. त्या दिवशी मी न थांबता दीड पान टाइप केलं. मग तुम्ही मॅकच्या फाँट बुक या प्रोग्रॅममधून आयटीएफ देवनागरी मराठी हा फाँट शोधून दाखवलात आणि पडद्यावर आपला पाकळीचा ल आला. राज्य शासनाने २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात जो पाकळीचा ल आणि देठाचा श लिहायला सांगितला, तो मला रोजच्या टायपिंगमध्ये वर्षानुवर्षं मिळत नव्हता. आईच्या गाण्यांत ल किती येतो, ते त्या दिवशी नीट दिसलं.

आता मी फाईल न उघडताच तिच्यावर स्पेसबार दाबते आणि गाणं समोर येतं. पुन्हा स्पेसबार, गाणं मिटलं. आई शेजारी बसून "फुडलं" म्हणते, मी बाणाने पुढच्यावर जाते. विंडोजवर मला एकेक फाईल उघडून बघावी लागायची. टास्कबारची आठवण येते, खोटं कशाला बोलू, पण या स्पेसबारवर मी खूश आहे.

पैशाचं विचारलं की तुम्ही विषय बदलता. चहाशिवाय काही घेतलं नाहीत. मी तुमच्या अल्बमची पहिली पानं शुद्धलेखनासाठी तपासून देते आहे, ते मी मरेपर्यंत देत राहणार आहे, त्याचं बिल मागू नका आणि मी देणार नाही.

गेल्या आठवड्यात खालच्या आळीतल्या एक बाई नवा मॅक घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांना फाईल हलवता येत नव्हती. माझा हात त्यांच्या माउसकडे निघाला होता. मी तो मागे घेतला आणि विचारलं, "विंडोजमध्ये कसं करत होता तुम्ही?"

आई रोज विचारते, "तो फोटोवाला पोऱ्या कव्हय ई?" भरताची वांगी बाजारात आली आहेत. लगनसराईतून एक रविवार मोकळा काढा. तुऱ्हाट्यांवर वांगी भाजू, कळण्याच्या भाकरी मी करते. आईला नव्याने चार गाणी आठवली आहेत, ती तुमच्यासमोर म्हणणार आहे. तुमचा चांगला माइक आणलात तर बरं होईल.

तुमची,
टायपिंगवाली ताई
अमळनेर