बॉनेट ‘बसते’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या अमेरिकी पिकअप ट्रकांविषयी आलेला लेख आवडला. मात्र त्यातले एक विधान वाचकाला खड्ड्यात घालणारे आहे. एकाच पिढीतल्या ट्रकांची बॉनेट एकमेकांना बसतात आणि काम चार बोल्टांचे असते, असे त्यात म्हटले आहे. भोकात बोल्ट गेला म्हणजे बॉनेट बसले असे होत नाही. मागची कड काउलला (समोरच्या काचेखालच्या आडव्या पत्र्याला) घासत नाही, दोन्ही मडगार्डांशी फट सारखी राहते, पुढचा ओठ ग्रिलवर नीट येतो आणि लॉक जोर न लावता लागते, तेव्हा ते बसले. काउल, मडगार्ड, ग्रिल आणि लॉक कंपनीने एकाच वर्षी बदललेले नसतात. घोळ तिथूनच सुरू होतो.

लेखातलेच उदाहरण घेऊ. शेव्हरोलेटचे 1973 ते 1987 चे चौकोनी अंगाचे ट्रक ही एक पिढी, हे बरोबर. कॅब, म्हणजे चालक बसतो ती खोली, तीच राहिली. पण 1981 साली पुढचा सगळा पत्रा नव्याने घडवला गेला. त्यामुळे 1980 पर्यंतचे बॉनेट 1980 पर्यंतच्या ट्रकला आणि 1981 नंतरचे 1981 नंतरच्यालाच घ्यावे. ही रेषा ओलांडायचीच असेल तर बॉनेट, दोन्ही मडगार्ड, ग्रिल आणि रेडिएटरची चौकट असा पुढचा पूर्ण संच उचलून आणावा. तो कॅबवर चढतो. नुसते बॉनेट आणले तर पैसे गेले.

याच रेषेचा फायदाही आहे, तो लेखात यायला हवा होता. साध्या पिकअपचे हे अंग 1987 ला संपले, पण सबर्बन आणि ब्लेझर या मागून बंद गाड्या आणि चार दारांचे क्रू कॅब ट्रक 1991 पर्यंत तेच अंग घेऊन निघत होते. म्हणजे 1983 च्या पिकअपला 1990 च्या सबर्बनचे बॉनेट चालते. जंकयार्डमध्ये लोक फक्त पिकअपच्या रांगेत शोधतात आणि हात हलवत परत येतात. जाहिरात वाचताना एवढे लक्षात ठेवावे की 1987 पासून या गाड्यांच्या नावात सी आणि के ऐवजी आर आणि व्ही ही अक्षरे आली. फोर्डमध्येही हाच मार्ग आहे: 1978-79 च्या ब्रोंको या बंद गाडीचा पुढचा पत्रा त्या वर्षांच्या एफ मालिकेच्या पिकअपचाच आहे. त्यानंतरच्या फोर्डचे 1980-86, 1987-91 आणि 1992-96 असे तीन चेहरे वेगवेगळे मोजावेत.

साल विचारून काम भागत नाही याचा सर्वांत पक्का पुरावा म्हणजे 1955 चा शेव्हरोलेट. त्या एका वर्षात दोन वेगळे ट्रक विकले गेले. वर्षाच्या सुरुवातीचा ट्रक 1947 पासून चालत आलेल्या गोलसर अंगाचा, आणि मार्चअखेर आलेला नव्या, सपाट अंगाचा. ‘1955 चे बॉनेट’ एवढ्यावर सौदा करणारा माणूस निम्म्या वेळा चुकणार. नव्या अंगात पुन्हा 1957 च्या बॉनेटवर दोन उठावदार पट्ट्या आहेत, आणि 1958 ला चार दिव्यांचा चेहरा आला तेव्हा बॉनेटही बदलले. जीएमसी हे शेव्हरोलेटचे भावंड असले तरी 1955-59 मध्ये त्याचा चेहरा स्वतंत्र होता. तिथे भाऊबंदकी गृहीत धरू नये.

1967-72 च्या शेव्हरोलेटमध्ये 1969 ला बॉनेटचा पुढचा ओठ बोथट आणि उभा झाला. त्याआधीचा ओठ उतरता आहे. बॉनेट एका काळाचे आणि ग्रिल दुसऱ्या काळाचे लावले की समोरची ओळ विस्कटते, म्हणून दोन्ही एकाच काळाचे घ्यावेत. 1969 नंतरचा पत्रा हवा असेल तर 1969-72 च्या ब्लेझरचेही बॉनेट चालते.

अमेरिकेतले भंगारवाले यासाठी हॉलंडरची अदलाबदल-सूची वापरतात. 1930 च्या दशकापासून ती त्या धंद्याची बाराखडी आहे. एकाच क्रमांकाखाली येणारे भाग एकमेकांच्या जागी चालतात. पण सूची मूळ भागाबद्दल बोलते. पन्नास वर्षांत त्या ट्रकचा चेहरा मधल्या कुणी बदलला असेल तर सूचीला ते कसे कळणार? कागदावरचे साल बाजूला ठेवून पत्रा पाहावा, टेप लावावी.

टेप कुठे लावायची तेही सांगतो. मागच्या कडेची रुंदी, पुढच्या ओठाची रुंदी, मधोमध लांबी, बिजागरीच्या भोकांमधले अंतर, आणि दोन्ही कर्ण. कर्णांत 3 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर बॉनेट पिळलेले आहे. ते कितीही चकाकत असले तरी सोडून द्यावे. मग उलटे करून पाहावे. गंज वरच्या पत्र्यातून सहसा सुरू होत नाही. पुढच्या ओठात पत्रा दुमडून आतल्या सांगाड्यावर दाबलेला असतो, त्या घडीत पाणी साचते आणि तो आतून कुजतो. घडीवर रंगाचे फोड दिसले तर आत चाळण झालेली समजावी. पुट्टी ओळखायला पातळ फडक्यात गुंडाळलेले चुंबक फिरवावे. जिथे ते सुटते तिथे पुट्टीचा थर जाड आहे. सांगाडा आणि वरचा पत्रा यांच्यामधला मऊ डिंक वाळून सुटला असेल तर वेगात बॉनेट फडफडते. तो नव्याने भरता येतो, पण ठिपक्याठिपक्यांनी. सलग ओतला तर आकसताना पत्रा ओढतो आणि रंगानंतर वरून खळगे दिसतात. जुन्या चिन्हांची भोके वेगळ्या जागी असतील तर ती पत्र्याची टिकली वेल्ड करून बुजवावी, एकेक टाका मारून आणि मध्ये थंड होऊ देऊन. सपाट पत्रा उष्णतेने लगेच फुगतो.

आता बिजागरी. सगळ्यात जास्त बॉनेट हिच्यामुळे मरतात आणि लेखात तिचा उल्लेखही नाही. बिजागरीच्या पिना सुकून जाम झाल्या की पुढून दाबताना मागची बाजू खाली जात नाही. मग पत्रा बिजागरीच्या किंचित पुढे, जिथे सर्वांत कमकुवत, तिथे दुमडतो. 1973 नंतरच्या चौकोनी शेव्हरोलेटवर ही घडी हमखास दिसते. तिथे नवे बॉनेट आणून जुन्या बिजागरीवर चढवले तर तेही महिन्याभरात त्याच जागी दुमडणार. बिजागरी आधी उतरवून डिझेलमध्ये धुवावी, पिनांना तेल द्यावे. स्प्रिंग काढल्यावर ती दोन बोटांनी फिरली पाहिजे आणि आडवी हलता कामा नये. आडवी हलत असेल तर पिना झिजल्या आहेत, बदलाव्या. स्प्रिंग पक्कडीने ओढू नये. सुटली तर बोट जाते. शिकंज्यात धरून एका बाजूला वाकवावी, उघडलेल्या वेटोळ्यांत जाड वॉशर सरकवावे, मग दुसऱ्या बाजूला तेच करावे. लांबलेली स्प्रिंग हाताने अडकते आणि बॉनेट खाली आणताना वॉशर गळून पडतात. फायबरचे हलके बॉनेट असेल तर मूळ जड स्प्रिंग वापरू नये, ती बॉनेटची कमान करते.

जुने बॉनेट काढण्यापूर्वी बिजागरीच्या पातीतून सांगाड्यात 3 मिमीचे एक भोक दोन्ही बाजूंना पाडावे. तेच बॉनेट रंगवून परत लावताना ड्रिलचा दांडा त्यात घातला की मूळ जागा सापडते. दुसऱ्या ट्रकचे बॉनेट असेल तर या खुणेचा उपयोग नाही, तिथे मापानेच जावे लागते. त्या कामाचा क्रम असा: ट्रक सपाट जमिनीवर; कॅबखालचे आणि रेडिएटरच्या चौकटीखालचे रबर शाबूत; आधी दार कॅबशी, मग मडगार्ड दाराशी, मग बॉनेट काउलशी, आणि लॉक सर्वांत शेवटी. दोन माणसे हवीतच, कोपऱ्यांखाली जाड फडकी हवीत. स्प्रिंग न लावता लाकडाच्या दांड्यावर बॉनेट तोलून जुळवावे.

बिजागरीची बॉनेटकडची लांबट भोके पुढे-मागे सरकवण्यासाठी असतात, अंगाकडची वर-खाली करण्यासाठी. पुढचे कोपरे रबरी गुटके फिरवून उचलावेत किंवा उतरवावेत. फट साधारण 5 मिमी धरावी. एका बाजूची फट पुढे रुंद आणि मागे अरुंद, तर दुसऱ्या बाजूची नेमकी उलटी असेल, तर बॉनेट फिरले आहे. एका बिजागरीवर ते पुढे सरकवावे. दोन्ही बाजूंना पुढेच रुंद असेल तर दोष बॉनेटचा नाही, मडगार्ड पुढून फाकले आहेत. चौकटीच्या बोल्टांपाशी पॅकिंग कमी-जास्त करावी. पहिल्यांदा बंद करताना लॉकची खुंटी काढून ठेवावी आणि बॉनेट हळूहळू उतरवत मागच्या कोपऱ्यांवर नजर ठेवावी. रंगाचा टवका तिथेच उडतो. नंतर गुटक्यांवर कागदाची पट्टी ठेवून बंद करावे. पट्टी ओढताना दोन्हीकडे सारखी अडली पाहिजे. लॉकने ओढून बॉनेट खाली बसवणे ही सर्रास केली जाणारी चूक आहे. त्याने ओठ वाकतो. इंजिन बदललेले असेल तर एअर क्लीनरवर मातीचा गोळा ठेवून एकदा बंद करावे, किती जागा उरते ते गोळाच सांगतो.

बाजारातले नवे, नक्कल केलेले बॉनेट घेतले तरी हे सगळे रंगापूर्वी करावे. रंग लागल्यावर ते कुणी परत घेत नाही. आणि दुसरा, सुरक्षेचा आकडा (हुक) लॉकबरोबर त्याच काळाचा असावा. तो न अडकल्यास महामार्गावर बॉनेट उलटून काचेवर येते.

पुढच्या अंकात निदान एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती: बॉनेटपुरते ‘1973 ते 1987’ ऐवजी ‘1973 ते 1980’ आणि ‘1981 ते 1991’ असे वाचावे.

आपला,
जुन्या गाड्यांच्या पत्राकामातला एक वाचक