पाणीपुरीवाला निर्दोष

परळ, मुंबई

प्रिय दिग्या,

आधी निकाल ऐक. तुझा करी रोडचा पाणीपुरीवाला निर्दोष सुटला. माझ्या त्या काविळीवरून आईने त्याच्यावर, आणि मला तिथे नेलंस म्हणून त्याच्याहून जास्त तुझ्यावर, जो खटला भरला होता तो इतक्या वर्षांनी फेटाळला गेलाय. पण हे तिला सांगता येत नाही, तीच तर सगळी भानगड आहे. फोनवर बोलावं म्हटलं तर घर केवढं ते तुला माहीत आहे, आणि आईला हवं ते ऐकू येत नाही, नको ते बरोब्बर येतं. म्हणून हे लिहितोय.

बाकी तब्येती ठीक. आईचं बीपी गोळीवर, माझी शुगर काठावर.

झालं असं. मेधाची पिशवी काढायची ठरली. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं, म्हणजे हिपॅटायटिस बी. आम्हाला कोणी बसवून सांगितलं नाही. फाइलवर लाल स्टिकर लागला, आणि सकाळी पहिला असलेला तिचा नंबर शेवटचा झाला. वॉर्डातल्या मावशी भर व्हरांड्यात ‘ती पॉझिटिव्हवाली कुठाय?’ म्हणून ओरडल्या. मेधा काही बोलली नाही. चष्मा काढला, ओढणीने पुसत बसली, पुसून झाला तरी पुसत बसली. ऑपरेशन नीट झालं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, तू मुद्दाम येऊन भांडशील.

मग लिव्हरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घरातल्यांच्याही तपासण्या करायला लावल्या. (आईला ‘शुगरचं रक्त’ सांगितलंय. तिचं काही नाही निघालं.) सईचं उत्तम. विषाणूशी तिची गाठच पडलेली नाही आणि लसीच्या अँटीबॉडी भरपूर. आठवतंय, ती झाली त्याच दिवशी डॉक्टरांनी लस टोचली आणि बिल बघून मी बोंब मारली होती? तेव्हा ती सरकारी यादीत नव्हती, देशभर मिळायला 2011 उजाडलं.

माझा रिपोर्ट मात्र भलताच. विषाणू नाही, पण ‘कोअर’ची अँटीबॉडी आहे. ती लसीने येत नाही, खरा विषाणू अंगात येऊन गेला तरच येते. कधी आला ते रिपोर्ट सांगत नाही. पण दिग्या, मी आयुष्यात एकदाच पिवळा झालो. लग्न वैशाखातलं, आणि दिवाळीत डोळे पिवळेजर्द. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला एक ते सहा महिने जातात. आणि हा खाण्यापिण्यातून येतच नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून, नाहीतर बाळंतपणात आईकडून बाळाला. पाणीपुरीतून येतात ते हिपॅटायटिस ए आणि ई. लागला हिशोब?

त्या दिवाळीनंतर आईने तुला उंबरा ओलांडू दिला नव्हता, आणि तू मला चोरून भांडुपला कावीळ उतरवायला नेलंस. चुन्याच्या पाण्यात माझे हात धुतले, पाणी पिवळं झालं, बाबा खूश. मग तू गंमत म्हणून तुझे धुतलेस, तेही पिवळं! बाबाने आपल्याला हाकलून दिलं, एकावन्न रुपये ठेवून घेतले. ते माझे होते, हे मी अजून विसरलेलो नाही. बरा झाल्यावर श्रेय उसाच्या रसाला गेलं, थोडं त्या बाबाला. खरं काम कोणी केलं ते मला परवा कळलं.

हा विषाणू स्वतः लिव्हरच्या पेशी मारत नाही. तो आत शिरतो, केंद्रकात आपल्या डीएनएचं एक वेटोळं ठेवतो आणि प्रती काढत बसतो. सुरुवातीचे काही आठवडे शरीराला जवळजवळ पत्ताच लागत नाही, ताप नाही, काही नाही. मग कधीतरी टी-पेशी, म्हणजे रक्तातले शिपाई, जाग्या होतात. त्या काही ठिकाणी नुसती रसायनं सोडून विषाणूला गप्प करतात, आणि काही ठिकाणी त्याने धरलेल्या पेशीच मारून टाकतात. रक्तात एसजीपीटी (लिव्हरच्या पेशी फुटल्या की बाहेर येतं ते) वाढतं, डोळे पिवळे होतात ते या मारामारीने. म्हणजे मी अंथरुणाला खिळलो होतो तेव्हा माझं शरीर जिंकत होतं, आणि आई माझ्या उशाशी बसून तुला शिव्या घालत होती.

मोठेपणी लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णवांचं तरी असंच होतं. जन्मताच झाली तर नेमकं उलटं, दहातल्या नऊ बाळांत तो कायमचा राहतो. बाळाची प्रतिकारशक्ती अजून शिकत असते, ती त्याला परका धरून उठतच नाही. त्यात हा विषाणू रक्तात आपली रिकामी कवचं सोडतो, खऱ्या विषाणूपेक्षा हजारो पटींनी जास्त. अँटीबॉडी त्यांच्याच मागे खर्ची पडतात, आणि टी-पेशी वर्षानुवर्षं तेच ते बघून दमून जातात. मी डॉक्टरांना म्हटलं, म्हणजे पागडीचा भाडेकरू. ते हसले, म्हणाले, अगदी तेच, गोळ्यांनी आवाज बंद करता येतो, खोली रिकामी करता येत नाही. माझ्याही लिव्हरमध्ये त्याचा एखादा कोपरा असणारच. पुढेमागे केमोसारखं काही घ्यायची वेळ आली तर आधी सांगायचं, कारण पहारा उठला की तो परत येऊ शकतो.

मेधाला सध्या गोळ्यासुद्धा नाहीत. एसजीपीटी नॉर्मल, विषाणू मोजकाच, फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते बघतात तो) चांगला. दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी.

पण हे तिला कोण पटवणार? तिने स्वतःचा कप वेगळा केलाय. ब्लेड, ब्रश, नेलकटर वेगळं ठेवा म्हणाले होते, कप कुणी सांगितला? मी मुद्दाम त्याच कपातून चहा प्यायलो तर दोन दिवस बोलली नाही. तिचं ठरलंय, ‘माझ्यामुळे तू मरता मरता वाचलास.’ मी म्हणतो, लालबागच्या आपल्या डॉक्टरची काचेची सिरिंज आठव, अख्ख्या चाळीला एकच सुई. तिथून नसेल कशावरून? तिला ते पटत नाही. खरं सांगू, मलाही पटत नाही. आणि आईला कळलं तर तुझ्यावरचा खटला उठून मेधावर बसेल. तू निदान घरी जाऊ शकत होतास.

तिची आई पोटात पाणी होऊन गेली. मिरजेत लोक दारूचं बोलायचे, त्या बाईने कधी आसवसुद्धा घेतलं नसेल. आता वाटतं, तिथूनच आलं. तसं असेल तर प्रकाशही त्याच आईचा. मी त्याला फोन केला तर म्हणतो, ‘दाजी, मला काय धाड भरलीय? आजवर साधी कावीळ नाही झाली.’ तेच तर! कावीळ झाली असती तर मी निर्धास्त झोपलो असतो. त्यात हा रोज संध्याकाळी बसतो.

चिन्मयच्या कॅनडाचं काय झालं? वहिनींचा गुडघा? सविस्तर कळव, मी नुसतंच आपलं दळण दळलं.

आणि दिग्या, प्रकाश तुझं ऐकतो, बँकेचं कर्ज तूच करून दिलंयस. सांगलीहून मिरज ती काय लांब? त्याला धरून लॅबमध्ये ने, एचबीएसएजी आणि एसजीपीटी दोन्ही कर. मुलांचंही कर. मेधाने सांगितलंय म्हणू नकोस. पैसे मी पाठवतो, त्यातून भांडुपचे एकावन्न वजा कर.

तुझा,
सुन्या