सूचना : एसीसी महिला सॉकर, कॅरीला येणाऱ्यांसाठी

मंडळी, एसीसीच्या (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे अमेरिकेतल्या विद्यापीठ संघांची लीग) उपांत्य फेरीचे दोन्ही सामने गुरुवारी, अंतिम सामना रविवारी, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीच्या वेकमेड सॉकर पार्कवर. तिकिटं प्रत्येकाने आपापल्या फोनवर घ्यावीत. मागच्या वेळी एकाच्याच फोनवर अकरा तिकिटं होती आणि तोच पार्किंग शोधत फिरत होता!

मोठ्या पर्स घरीच ठेवा, पारदर्शक पिशवी आणा. दिवाळीच्या उरलेल्या चकल्या गाडीतच राहू द्या, सामन्यानंतर तिथेच फडशा पाडू. नोव्हेंबरची संध्याकाळ आहे, बाकं गार पडतात. स्वेटर आणि बसायला जाड चादर हवीच.

नव्याने येणाऱ्यांसाठी : 90 मिनिटांत बरोबरी झाली, तर 10-10 मिनिटांचे दोन जादा डाव पूर्ण खेळवतात. 2022 पासून पहिल्या गोलवर सामना संपत नाही. तरीही बरोबरी राहिली तर पेनल्टी. म्हणून घरी परतायची वेळ आधी कुणाला कबूल करू नका.

प्रसिद्ध खेळाडू मिया हॅमच्या चॅपल हिलचा (नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा) दबदबा जुना, पण 2020 ते 2023 सलग चार वर्षं करंडक फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने नेला. आपल्यात दोन्हीकडचे लोक आहेत, तेव्हा चिडवाचिडवी बेताने.

गाडीत जागा असेल तर बुधवार रात्रीपर्यंत इथेच कळवा.