अकरा हजार पाठवायच्या आधी हे वाच

बाळा निखिल,

काल फोनवर तू म्हणालास, आई अकरा हजारच तर आहेत, अनुष्ठान केलं की नोकरीतला अडथळा जाईल असं महाराज म्हणाले. मी गप्प बसले कारण बाबा शेजारी होते आणि मला रडू आलं असतं, म्हणून आता लिहितेय.

तुझ्या मावशीच्या पाटल्या आठवतात ना तुला, चार तोळ्याच्या, आजीने दिलेल्या? काका आजारी होते तेव्हा ती अशाच एका बाबाकडे गेली होती, मी सोबत होते रे. त्याच्या सेवेकऱ्याने खिशातून छोटा काटा काढून आमच्यासमोर पाटल्या तोलल्या, रुमालात बांधल्या आणि म्हणाला ताई, दोष यातच आहे, उतरवून परत देतो. तोलल्या कशाला, हे मी तिथेच विचारायला हवं होतं, नाही विचारलं. पाटल्या गेल्या त्या गेल्याच, आणि औषधं बंद करायला सांगितली होती म्हणून काकांचे दोन महिने फुकट गेले त्याचा मला जास्त राग आहे.

मी देव मानते, तुला माहितीये. पण हिशोब मागितला तर देव कोपत नाही. पंढरपूरचंच बघ ना, तिथल्या मंदिरातल्या पिढीजात पुजाऱ्यांचे, म्हणजे बडवे-उत्पातांचे, हक्क काढायचा कायदा 1973 चा, ते कोर्टात भांडत राहिले, शेवटचा निकाल सुप्रीम कोर्टातून जानेवारी 2014 मध्ये आला, म्हणजे चाळीस वर्षं! एवढ्या वर्षांत वारी काय थांबली का? आणि त्याच पंढरपुरात गाडगेबाबांनी लोकांच्या पैशातून धर्मशाळा बांधली, स्वतः मात्र अंगावर चिंध्या, कुणाला पाया पडू दिलं नाही. तुझे महाराज गाडीतून उतरायच्या आधी पावती फाडतात असं तूच सांगितलंस ना.

चमत्काराच्या नावावर पैसे उकळणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. त्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अंधश्रद्धा निर्मूलनवाले नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले आणि वटहुकूम निघाला तो 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाल्यावर, आठवड्याच्या आत. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

नोकरीचं टेन्शन मला कळतं रे, आठ महिने घरी बसणं सोपं नाही. पण पैसे अजून पाठवू नकोस. शनिवारी ये, मावशीकडे जाऊ, पाटल्यांचं ती स्वतः सांगेल तुला, मी तिला विचारलंय, हो म्हणाली.

तुझी आई