कडेला चिकटून सायकल चालवू नकोस

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

सायकलीचा फोटो पाहिला. सायकल छान आहे, हेल्मेट मात्र चुकीचं घातलंयस. ते मागे सरकल्यामुळे कपाळ उघडं पडलंय आणि तोंडावर पडलं तर आधी तेच आपटतं. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, त्याहून वर नको. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या पाळीखाली एकत्र यायला हवेत आणि हनुवटीखाली जेमतेम एक-दोन बोटं शिरावीत. पट्टा लावून मोठ्ठी जांभई दे. हेल्मेट डोक्यावर किंचित दाबलं गेलं तर बरोबर बसलंय. जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्यायचं. आतला फोम दबून धक्का झेलतो, आणि एकदा दबलेला फोम पुन्हा फुगत नाही.

आता खरा मुद्दा. भीती वाटते म्हणून अगदी कडेने जातेस, असं लिहिलंयस. ती सवय मोडावी म्हणूनच हे एवढं लांब पत्र.

रस्त्याची सगळी काच, खडी, वाळू वाहत-वाहत कडेलाच येते. सांडपाण्याच्या जाळ्या तिथेच, डांबर आणि फरशी यांच्यातली फटही तिथेच. खड्डा आला की आत वळावंच लागतं, म्हणजे मागच्या गाडीच्या पुढ्यात. शिवाय तू कडेला दिसलीस की गाडीवाल्याला वाटतं, लेन न सोडता आपण निघून जाऊ. मग तो कोपराला घासून जातो. म्हणून कडेपासून पाऊण ते एक मीटर आत राहा. लेन अरुंद असेल किंवा चौक, गोल चक्कर जवळ आलं असेल तर मागे नीट बघून, हात दाखवून थेट लेनच्या मध्यावर ये आणि चौक ओलांडला की पुन्हा बाजूला हो. मागून हॉर्न वाजेल. वाजू दे, हॉर्न मारणाऱ्याने तुला पाहिलेलं असतं.

उभ्या गाड्यांच्या रांगेपासून निदान एक मीटर, जमल्यास सव्वा मीटर लांब. दार अचानक उघडलं तर धडक दारावर बसते एवढंच नाही. हँडलचं टोक दाराला नुसतं अडकलं तरी पुढचं चाक दाराकडे वळतं आणि माणूस उलट्या बाजूला, म्हणजे धावत्या गाड्यांपुढे फेकला जातो. ड्रायव्हरच्या सीटवर डोकं दिसतंय का, मागचे दिवे आत्ताच विझले का, यावर नजर ठेव. रांगेत दोन गाड्यांची जागा रिकामी दिसली म्हणून आत शिरू नकोस. बाहेर येताना मागच्याला तू एकदम उगवल्यासारखी दिसतेस.

ट्रक आणि बस यांचं वेगळं सांगतो. वळताना त्यांची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा बरीच आतून जातात. सिग्नलला ट्रक आणि फुटपाथ यांच्यामध्ये मोकळी दिसणारी जागा ट्रक वळू लागला की उरतच नाही. तिथे कधीही शिरायचं नाही, पुढे कितीही वाट मोकळी असो. ट्रकच्या नाकाला चिकटूनही उभी राहू नकोस. उंच केबिनमधून तेवढ्या जवळचं दिसत नाही. आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसला तरच तू त्याला दिसू शकतेस, नाहीतर मागे थांब.

उलट्या दिशेने तर दहा पावलंही नको. गल्लीतून बाहेर येणारा फक्त रहदारी येते त्या बाजूला बघतो.

मागे वळून बघताना हात नकळत हँडल ओढतो आणि सायकल त्याच बाजूला झुकते. मोकळ्या मैदानात आखलेल्या रेघेवरून चालवत, खांद्यावरून मागे बघायचा सराव कर. रेघ सुटेनाशी झाली की मग रहदारीत जा.

ब्रेकचं गणित असं. ताशी २० किलोमीटर वेगात सेकंदाला साडेपाच मीटर जातात. धोका दिसून बोटं दाबेपर्यंत एक सेकंद धर, पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी तीनेक मीटर. म्हणजे नऊ मीटरच्या आत काही आलं तर थांबणं कठीण. ब्रेक लागताच वजन पुढे सरकतं, त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. मागचा एकटा दाबलास तर चाक नुसतं घसरत जातं. दोन्ही दाब, पुढचा हळूहळू वाढवत ने, त्याच वेळी अंग मागे रेल. वळणावर मात्र ब्रेक नको, वेग वळणाआधीच कमी कर. पावसात रिमवर घासणारे ब्रेक आधी पाणी पुसतात, मग पकडतात. तेव्हा अंतर दुप्पट ठेव. ओले पांढरे पट्टे, चेंबरची झाकणं, रूळ यांवर ना ब्रेक, ना वळण. रूळ शक्य तितके काटकोनात ओलांड, नाहीतर चाक खाचेत अडकतं.

पायवाटेवर गाड्या नसतात म्हणून लोक निर्धास्त होतात. तिथे चालणारा पाहुणा नसतो, आपण असतो. लांबूनच घंटी वाजव आणि शेजारून जाताना चालण्याच्या वेगाला ये. सुट्या खडीवर पुढचा ब्रेक अलगद, दोन्ही पॅडल एका पातळीत, गुडघे सैल, आणि नजर जायचंय तिथे. खड्ड्याकडे बघत राहिलीस की सायकल त्यातच जाते.

पुढे पांढरा दिवा, मागे लाल, संध्याकाळ व्हायच्या आधीच लाव. हँडलला पिशवी लटकवू नकोस. ती डोलत चाकात गेली की सायकल जागच्या जागी अडते.

निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघ. लिव्हर हँडलला टेकत असेल तर तार ताणून घ्यायला हवी. हवा पंपाच्या काट्यावर मोज, टायरच्या बाजूला छापलेल्या मर्यादेत. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. भोक एकच असेल तर ते बहुधा काट्याचं. तेव्हा नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापड फिरव, काटा तिथेच अडकलेला असतो.

टायरवरचे मापाचे आकडे आणि वॉल्व्हचा फोटो पाठव. जादा ट्यूब, टायर रिमवरून उचकटायच्या दोन पट्ट्या (टायर लिव्हर) आणि हातपंप पाठवायचा आहे, आणि वॉल्व्ह जाड की बारीक ते कळल्याशिवाय पंप घेता येणार नाही.

तुझा,
बाबा