ट्रंक अजून पाठवलेली नाही

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फक्त 'जुन्या खेळण्यांची ट्रंक कुरिअर कर' एवढंच म्हणाला असतास, तर ती एव्हाना तुझ्या दारात आली असती. पण बोलता बोलता, जसं काही विशेष नाहीच, अशा आवाजात लबूबूसारखी खेळणी विकायच्या धंद्यासाठी कर्ज काढलंय आणि राजीनामा लिहून ठेवलाय म्हणालास. माझा आवाज चढला. 'तुला नाही कळणार गं' म्हणून तू फोन ठेवलास. बाबांनी मला सांगितलंय की आठवडाभर तुला फोन करायचा नाही. पत्राबद्दल ते काही बोललेले नाहीत. या पत्रात नोकरीचा विषय काढायचा नाही, असं ठरवून बसले आहे.

ट्रंक उघडली. बेब्लेडचे भोवरे तीन आहेत, कडा पार झिजलेल्या. लाँचर आहे, पण त्याची दातेरी पट्टी गायब. पत्त्यांच्या गठ्ठ्याला तू लावलेला रबर वितळून वरच्याच पत्त्याला चिकटलाय, आणि तोच तुझा सगळ्यात लाडका होता. खाली यो-यो, दोऱ्याचा गुंता झालेला. आणि मोज्यात गुंडाळलेलं ते अंड्याएवढं तामागोची, पडद्यावरचं पिल्लू बटणांनी पाळायचं ते खेळणं. मागचे बारीक स्क्रू काढून पाहिलं, तर सेल फुटून आत हिरवट भुकटी जमलीय. 'उत्तम स्थितीत' असं लिहून ते विकता येणार नाही. तू तसं लिहिणारही नाहीस, हे मला माहीत आहे.

शाळेत त्याच्यावर बंदी आली तेव्हा ते माझ्या पर्समध्ये आलं, आठवतं? डावं बटण निवडायला, मधलं करायला, उजवं रद्द करायला, असं तू चिठ्ठीवर लिहून दिलं होतंस. त्याला थांबवून ठेवायची सोयच नव्हती. भूक लागली की पीप, घाण केली की ती साफ करायची, झोपलं की दिवा मालवायचा. ऑडिट चालू असताना ते ओरडलं आणि मी टेबलाखाली हात घालून त्याला भरवलं. साहेबांनी वर पाहिलं, मी ताळेबंदाकडे पाहत राहिले. माझ्याकडे असताना ते एकदाही मेलं नाही, हे ताईला जरूर सांग. मेलं ते नानांकडे.

ते जपानात नोव्हेंबर १९९६ मध्ये आलं. दुकानांपुढे रांगा लागल्या, दोनेक वर्षांत कोट्यवधी खपले. मग कारखाने मागणीच्या पुढे गेले, मुलांचं लक्ष दुसरीकडे वळलं आणि न खपलेल्या मालाने ते बनवणाऱ्या कंपनीलाच तोट्यात ओढलं. मला कळत नाही म्हणालास ना, म्हणून वाचत बसले. चष्म्याचा नंबर वाढला तर तुझ्या नावावर.

तू विकणार आहेस ते दात विचकणारं बाहुलं, लबूबू, मी पाहिलं. वाईट नाहीये. डबा उघडेपर्यंत आत कोणतं आहे ते कळू द्यायचं नाही आणि बहात्तरात एखादंच दुर्मिळ ठेवायचं, ही युक्ती ज्याने शोधली तो हुशार. पण मंदार, अशा हुशारीचा एक खेळ आधी होऊन गेलाय. अमेरिकेत १९९३ साली बीनी बेबीज आल्या, आत प्लॅस्टिकचे दाणे भरलेली छोटी मऊ जनावरं. कंपनी दुकानांना मोजकाच माल द्यायची आणि मध्येच एखादं जनावर 'निवृत्त' झालं, म्हणजे आता बनणार नाही, म्हणून जाहीर करायची. लगेच भाव वर. लोक कानावरच्या हृदयाच्या आकाराच्या लेबलाला सुरकुती पडू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर घालत. १९९९ मध्ये लास व्हेगासच्या कोर्टात घटस्फोट घेणाऱ्या एका जोडप्याला न्यायाधीशांनी त्यांनी जमवलेल्या बीनींची वाटणी तिथल्या तिथे करायला लावली. दोघं फरशीवर उकिडवे बसून एकेक उचलतायत, असा फोटो आहे. त्याच वर्षी बाजार बसला. ज्याच्या-त्याच्या कपाटात तेच जनावर, त्याच कव्हरात, विकायच्याच आशेने. घेणारा कोण उरला?

तामागोचीचा तोटा कंपनीने सोसला, बीनीचा कपाटवाल्यांनी. वीस वर्षं हिशेब लिहिलेत मी. उधारीवर घेतलेला माल गोदामात पडून असेल तर त्याला नफा म्हणत नाहीत. दुसरी गोष्ट, दरमहा येणारा पगार बंद करून…

बघ, झालं सुरू. हे पान फाडणार होते, पण बाबा म्हणाले राहू दे, नाहीतर तू दुसरं याहून लांब लिहिशील. रागावू नकोस. तुला अक्कल शिकवायची नव्हती. चौतिसाव्या वर्षी आईने असं बोललेलं कोणालाही आवडत नाही, मलाही आवडलं नव्हतं.

रुबिक क्यूब बाजूला काढून ठेवलाय, तो मी विकायला देणार नाही. हंगेरीतल्या त्या एर्नो रुबिकने तो १९७४ साली बनवला आणि स्वतःचाच क्यूब सोडवायला त्याला महिन्याच्या वर लागला. तू तर पाचवीत होतास. नानांनी स्क्रू ड्रायव्हरने उचकटून आत काय आहे ते तुला दाखवलं आणि हाताला येतील तसे तुकडे परत बसवले. त्यानंतर किती दिवस तू त्यावर मान मोडून बसलास. शेवटच्या थरापर्यंत यायचास आणि एक कोपरा वाकडाच राहायचा. ताई हसायची. एका रात्री तू आमच्या खोलीत येऊन दिवा लावलास आणि म्हणालास, "आई, माझं चुकत नाहीये. हा सुटूच शकत नाही. कोपरा उलटा बसवलाय." कोणी शिकवलं नव्हतं तुला. परवा वाचलं की सुटे तुकडे मनाला येतील तसे जोडले तर बारापैकी एकदाच तो क्यूब सुटण्याजोगा होतो. वाचताना बाबांना हाक मारली, त्यांना दोनदा वाचून दाखवलं.

म्हणून तर भीती वाटते. ज्या पोराने तेव्हा हे ओळखलं, ते आता हिशेबातला उलटा कोपरा पाहायला तयार नाही.

तू म्हणशील, क्यूबची लाटही १९८२-८३ मध्ये ओसरली होती आणि तरी तो परत आला. खरंय. बुडापेस्टला १९८२ मध्ये जागतिक स्पर्धा झाली, मग थेट २००३ मध्ये टोरांटोला दुसरी, आणि आता जगभर पोरं काही सेकंदांत सोडवतात. पण मधली वीस वर्षं तो ज्यांनी हातात धरून ठेवला, ते काही भाव वाढेल म्हणून बसले नव्हते. आणि तुझे हप्ते वीस वर्षं थांबणार नाहीत.

नाही म्हणता म्हणता पुन्हा तिथेच आले. नोटीस अजून दिली नसशील तर महिनाभर देऊ नकोस, एवढंच. धंदा कर ना, संध्याकाळी कर, शनिवारी कर. तुला माल पारखता येतो, लोक तुझ्यावर विश्वास ठेवतात, हे मी शेजारी चारचौघांत सांगते. तुझ्यासमोर सांगत नाही, ती माझी खोड.

बेब्लेड, यो-यो आणि पत्ते खोक्यात घातलेत, रबर लागलेला पत्ता वेगळ्या पाकिटात. तामागोचीची भुकटी बाबा कापसाने साफ करतायत, सुरू झालं तर तेही पाठवते. खोकं बांधायच्या आधी दोन गोष्टी मला कळव, फोनवर नको, लिहून. कर्ज एकट्या तुझ्या नावावर आहे की मृण्मयीचीही सही आहे? आणि राजीनाम्याचं तिला तू सांगितलंस, की तिलाही माझ्यासारखंच बोलता बोलता कळणार आहे?

तुझी,
आई