कासव सापडलं की आधी पाय बघा, तलावावर नंतर जा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. तुमचा पेपर आमच्याकडे बरीच वर्षं येतो पण पत्र पहिल्यांदाच लिहितेय आणि तेही कासवावर, हसू नका.

जुलैतल्या एका रविवारी सकाळी आमच्या वॉचमनमामांना पार्किंगमध्ये एका गाडीखाली कासव दिसलं. रात्रभर पाऊस झोडपत होता त्यामुळे मामांना वाटलं नाल्यातनं वर आलं असेल. आमटीच्या मोठ्या वाटीएवढं, पाठ घुमटासारखी, काळपट, आणि त्यावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या, आपण ठिपक्यांच्या रांगोळीत काढतो तशा. बघता बघता अर्धी बिल्डिंग खाली. कुणीतरी गाड्या धुवायची निळी बादली आणली, काठोकाठ भरली आणि कासवाला आत सोडलं. पहिल्या मजल्यावरच्या आजी हळदकुंकवाची कोयरी घेऊन आल्या, कूर्मावतार आहे गं, आपण होऊन दारात आलाय म्हणाल्या, आणि बादलीवर वाकून चिमूटभर कुंकू टाकलं ते पाण्यात पसरत गेलं. मुलं ओरडतायत, बघा बघा कसं पोहतंय! सेक्रेटरी काकांचं तर ठरलंही होतं, उपवन तलावात सोडून येऊ, पुण्य लागेल, दोघंजण स्कूटर काढायला गेलेसुद्धा.

मी आपला व्हिडिओ काढून भाच्याला पाठवला, तो प्राण्यांचा डॉक्टर होतोय, शेवटच्या वर्षाला आहे. मिनिटात त्याचा फोन. कशी आहेस वगैरे काही नाही, डायरेक्ट, "मावशी, ते पोहत नाहीये, बुडतंय. आधी बाहेर काढ."

हात घातला तेव्हा कळलं. चारही पाय बादलीच्या गुळगुळीत कडेवर खरवडत होते आणि मान जेवढी वर जाईल तेवढी ताणलेली. फरशीवर ठेवलं तर नाकातनं एक बुडबुडा आला आणि मग कितीतरी वेळ ते हललंच नाही, आम्ही सगळे गप्प, आजी हात जोडून उभ्या. दहा-एक मिनिटांनी एक पाय बाहेर आला तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

भाचा म्हणाला पाय दाखव. मी मोबाईल खाली नेला. जाडे, खांबासारखे, खवले असलेले, हत्तीच्या पिल्लाचे असतात ना तसे. असे पाय म्हणजे जमिनीवरचं कासव, त्याला पोहता येत नाही, पाणी प्यायला उथळ ताटली चालते पण बादली-तलाव नाही. बोटांच्या मधे बदकासारखा पडदा आणि पुढे नखं असली तर गोड्या पाण्यातलं. आणि पायांऐवजी वल्ह्यासारखे पर असले तर समुद्रातलं. आपल्या मराठीत तिघांनाही एकच शब्द, कासव, आणि कासव म्हटलं की आपल्या डोक्यात पाणीच येतं, त्यामुळे हा सगळा घोळ होतो असं माझं मत आहे. आमच्या सोसायटीतली माणसं दुष्ट अजिबात नाहीत हो, उलट सगळे प्रेमानेच त्याला बुडवत होते.

तर आमचं निघालं स्टार कासव. हे आपल्याकडचं मुळात नाहीच, गुजरात-राजस्थानकडचा कोरडा भाग, नाहीतर खाली आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू, आणि श्रीलंका. ठाण्याच्या पार्किंगमध्ये ते चालत येणं शक्य नाही, म्हणजे कुणीतरी लपून पाळलेलं, गॅलरीतनं नाहीतर दारातनं निसटलेलं, किंवा कंटाळा आला म्हणून सोडून दिलेलं. वास्तूला चांगलं, पैसा येतो म्हणून लोक आणतात, पितळेचं आणा की मग, ते खात नाही, बुडत नाही आणि त्याला पोलीस लागत नाहीत.

पोलीस का म्हणते ते सांगते. तोपर्यंत कुणीतरी बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकून विचारलं होतं, हे कोणाचं आहे? एका घरातून लगेच उत्तर, आमचं असेल बहुतेक, येतो न्यायला. मग भाच्याने सांगितलेलं मी ग्रुपवर टाइप केलं, की हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये येतं, २०२२ ला कायदा बदलला तेव्हापासून पहिल्या परिशिष्टात आहे म्हणजे वाघाच्याच यादीत, घरात ठेवलं तर तीन ते सात वर्षं कैद आणि कमीत कमी २५ हजार दंड. दोन मिनिटांत "आमचं असेल" वाला मेसेज डिलीट. मी नाव सांगणार नाही, शेजारी आहेत. पण मुद्दा असा की हरवलेला कुत्रा सापडल्यावर मालक शोधतो तसं इथे करायचं नाही. आपल्या देशी कासवाला कायद्याने घरगुती मालक नसतोच, आणि फोटो-पत्ता सगळीकडे फिरवला तर विकणारा माणूसच मालक बनून यायचा.

मग करायचं काय, तर फोन. महाराष्ट्र वनविभागाचा हेल्पलाइन नंबर १९२६, हॅलो फॉरेस्ट म्हणतात. मी लावला, कुठे सापडलं, केव्हा, जखम आहे का विचारलं, मी सगळं सांगितलं. माणसं येईपर्यंत एक पुठ्ठ्याचा खोका घेतला, बाजूला भोकं पाडली, तळाला पेपर घातला (तुमचाच, माफ करा, शनिवारचा होता), आणि जिन्याखाली अंधारात शांत ठेवला. खायला काही नाही, कुणी हाताळायचं नाही, मुलांनी झाकण उघडून बघायचं नाही, हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. ज्याने ज्याने हात लावला त्याला साबणाने हात धुवायला लावले, कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, लहान मुलांना जुलाब-ताप होतो त्याने. दुपारी दोघंजण आले, माझं नाव आणि कुठे-कधी सापडलं ते कागदावर लिहून घेतलं, सही घेतली, खोका घेऊन गेले. मी विचारलं आता जंगलात सोडणार का, तर म्हणाले असं लगेच नाही, आधी तपासणी, आणि उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची स्टार कासवं सारखी नसतात त्यामुळे कुठलंही कुठेही सोडून चालत नाही. हे मला माहीतच नव्हतं.

आता एक कबुली. माझी मुलगी तिसरीत असताना आम्ही ॲक्वेरियमच्या दुकानातनं पाच रुपयाच्या नाण्याएवढं हिरवं कासव आणलं होतं, डोळ्यामागे लाल पट्टा. दुकानदार म्हणाला एवढंच राहतं. कसलं राहतंय, चार वर्षांत जेवणाच्या ताटाएवढं झालं, टाकीला वास, रोज पाणी बदला, आणि एका संध्याकाळी मी आणि हे पिशवीत घालून त्याला तलावात सोडून आलो आणि घरी येऊन गोडाचा शिरा केला. पुण्यच केल्यासारखं वाटलं होतं. ते रेड इअर स्लायडर, मूळ अमेरिकेतलं, वीस-तीस वर्षं जगतं, आणि जगातल्या सगळ्यात उपद्रवी १०० परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्या तलावातल्या कासवांचं खाणं, ऊन खायच्या जागा सगळं बळकावतं, आजार देतं ते वेगळंच. खुद्द अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासव पाळायला विकायला बंदी आहे, त्याच साल्मोनेलापायी, आणि आपण मुलांच्या वाढदिवसाला आणतो. तर असलं लाल पट्ट्याचं सापडलं किंवा घरचं नकोसं झालं तरी तलावात, विहिरीत, नवी मुंबईच्या धारण तलावात (पावसाचं पाणी साठवायला बांधलेत ते) कुठेही सोडू नका, प्राण्यांच्या डॉक्टरला नाहीतर जवळच्या प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला विचारा. खाडीत तर कुठलंच गोड्या पाण्यातलं कासव सोडू नका, ती खारी आहे.

पण प्रत्येक कासव उचलून १९२६ ला फोन करायलाच हवा असंही नाही. माझी बहीण उलव्याला राहते, तिकडे पूर्वी खाचरं होती, अजून डबकी-तळी शिल्लक आहेत, आणि जूनचे पहिले दोन पाऊस झाले की रस्त्यावर चपट्या, मऊ पाठीचं कासव दिसतं. हे इथलंच, कुणाच्या घरातलं नव्हे. उन्हाळाभर चिखलात पडून असतं, पावसाला बाहेर येऊन दुसऱ्या पाण्याकडे निघतं. ठणठणीत असेल तर फक्त रस्ता पार करून द्यायचा, ज्या बाजूला तोंड होतं त्याच बाजूला. उलट ठेवलंत तर ते परत फिरून रस्त्यावरच येणार. पाठ मागच्या अर्ध्या भागाला दोन्ही हातांनी धरायची कारण मान भलतीच लांब निघते आणि चावतं चांगलंच, बहिणीच्या मिस्टरांना विचारा.

गाडीखाली येऊन पाठ तडकली असेल तर मात्र लगेच डॉक्टर आणि लगेच फोन. आमच्याकडे एक काका म्हणाले एमसीलने चिकटवू. कासवाची पाठ म्हणजे वरून घातलेलं हेल्मेट नाही, बरगड्या आणि पाठीचा कणा त्यातच जोडलेला असतो, रक्त येतं, दुखतं. स्वच्छ कापड हलक्या हाताने गुंडाळा, बाकी काही लावू नका.

माझी विनंती दोनच. ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या तलावांवर "निर्माल्य टाकू नये" पाट्या आहेत त्याखाली "कासव सोडू नये" एवढी एक ओळ पालिकेने लिहावी, आणि तुम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात १९२६ हा नंबर पहिल्या पानावर छापावा. आजी अजून मला लिफ्टमध्ये विचारतात, आपलं कासव पोचलं का गं घरी.

आपली,
एक वाचक, वर्तकनगर, ठाणे (प.)

ता.क. दूध-पोळी घालू नये हे लिहायचं राहिलं. आमच्या ग्रुपवर तिघांनी विचारलं होतं, एकाने पेढ्याचं.